सासूबाई विमानानं कराचीला गेल्या

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोलापूरहून एखादं गाव किती लांब आहे असं विचारलं की ते दोन उत्तरं देत. एक मैलांतलं आणि एक वेळेतलं. ते शाळेत भूगोल शिकवत. मद्रास, कलकत्ता, लाहोर, कुठल्याही गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ त्यांना तोंडपाठ, आणि स्वतः मात्र पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. पुण्याला गेले तेही माझ्या लग्नाची बोलणी करायला, आणि परत येताना गाडी लागली म्हणून दौंडपासून डोळे मिटून बसले होते. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. मामंजी स्वतः त्या प्रवासाबद्दल बोलायचे तेव्हा दौंडला इंजिन पाणी किती वेळ घेतं एवढंच सांगायचे.

बाहेरच्या खोलीत आशियाचा मोठा नकाशा टांगलेला होता. शाळेनं नवा घेतला तेव्हा जुना मामंजींनी मागून आणलेला. माझी नणंद लग्न होऊन कराचीला गेली, तेव्हा त्यांनी सोलापूरवर एक टाचणी लावली, कराचीवर एक लावली आणि दोहोंमध्ये लाल दोरा ताणून बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दोरा दाखवत. सासूबाई मात्र नकाशाकडे बघतसुद्धा नसत. खोली झाडताना दोऱ्याला केरसुणी लागू नये एवढीच काळजी घेत.

सासूबाईंचं सोवळं कडक होतं. मी नवी सून, चार इयत्ता शिकलेली, आणि जिभेला धार होती. ती धार मी मनातल्या मनातच वापरत असे, पण वापरत असे. महिन्याचे चार दिवस बाईनं बाजूला बसायचं, कुणाला शिवायचं नाही, हे तेव्हा घरोघरी होतं. पण आमच्या घरी त्याला लष्करी शिस्त होती. मागच्या पडवीत एक चटई, एक घोंगडी, एक वेगळा तांब्या. ताट लांबून सरकवलं जाई. मी तिथं बसून गिरणीचे भोंगे मोजायची. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी की स्वतःची पाळी आली की सासूबाईही त्याच चटईवर, त्याच घोंगडीवर, तितक्याच निमूटपणे बसत. सुनेला एक नियम आणि आपल्याला एक, असं त्यांच्यात नव्हतं.

त्या निमूटपणाची केवढी किंमत पडली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वन्सं, म्हणजे ही कराचीची नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. मी घरात येऊन सहा महिने झाले असतील. कळा सुरू झाल्या त्याच सकाळी सासूबाई बाहेरच्या झाल्या. बाहेरच्या बाईची सावलीसुद्धा बाळंतिणीवर पडू नये, पोराला बाधते, असं सगळे मानत, आणि त्या सगळ्यांत सासूबाई पहिल्या. बाळंतिणीची खोली आणि पडवी यांच्यामध्ये एकच भिंत. वन्सं अलीकडून "आई, आई" म्हणून हाका मारत होत्या आणि सासूबाई पलीकडून ओ देत होत्या. सुईण होती, मी होते, पाणी तापवत होते, आतबाहेर करत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा झाला, तो रडलाच नाही. सासूबाई पडवीतून विचारत राहिल्या, "काय झालं? रडला का?" कुणीच उत्तर देईना म्हटल्यावर त्यांना काय ते कळलं. तरीही त्या आत आल्या नाहीत. पाचव्या दिवशी न्हाऊन लेकीजवळ आल्या, तेव्हा वन्संनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

वन्सं कराचीला परत गेल्या त्या दोन वर्षं आल्या नाहीत. पत्रं येत, पण मामंजींच्या नावानं.

मग संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठत आली होती, तेव्हा एका दुपारी तार आली. आमचे जावई कराचीला विमानांच्या तळावर बिनतारी यंत्राच्या खात्यात होते. विलायतेचं टपाल विमानानं कराचीला उतरायचं आणि तिथून दुसऱ्या लहान विमानानं मुंबईकडे यायचं, हे आम्हाला त्यांच्यामुळेच ठाऊक. वन्संना पुन्हा दिवस गेले होते हे आधी कळलं होतं. पाय सुजले आहेत, डॉक्टरणीनं अंथरुणावरून उठू नको सांगितलंय, त्यामुळे माहेरी येता येत नाही, हेही कळलं होतं. तारेत होतं ते असं, की ती आईला बोलावते आहे, वेळ थोडा आहे, बुधवारी मुंबईहून परतणाऱ्या टपालाच्या विमानात एका माणसाची जागा मिळवली आहे.

मामंजींनी तार दोनदा वाचली आणि सवयीनं नकाशापुढे जाऊन उभे राहिले. आधी त्यांनी आगगाडीचा हिशेब केला. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून अहमदाबाद, तिथून लहान रुळांची गाडी, मारवाडला बदल, मग वाळवंट, मग सिंध हैदराबाद, मग कराची. हजाराच्या वर मैल, चौथा दिवस उजाडणार. मग विमानाचा. मुंबईहून सरळ दोरा धरला तर साडेपाचशे मैल. पण विमान सरळ जात नाही, अहमदाबादेला उतरून जातं, म्हणून सव्वासहाशेच्या पुढे. सकाळी उजाडता निघालं तर दुपारच्या जेवणाला कराचीत. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. सहाशे मैल आणि एक दुपार, हे गणित त्यांना इतकं आवडलं की कुणाचं गणित चाललंय हे ते क्षणभर विसरले असावेत.

ह्यांनी विचारलं, सरळच का नाही जात? मामंजी उत्साहानं म्हणाले, "अरे, सरळ गेलं तर खाली समुद्र. समुद्रावर यंत्र बंद पडलं तर उतरायचं कुठं?"

असं म्हणाले आणि त्यांचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. सासूबाई उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बुधवारी उत्तरेला जाऊ नये," त्या म्हणाल्या. "मंगळवारीही नाही."

दिशाशूळ म्हणजे काय ते आजच्या मुलांना ठाऊक नसेल. प्रत्येक वारी एक दिशा वर्ज्य असते, त्या दिशेला निघालं तर काम फसतं, असं पंचांग सांगतं. मंगळ-बुध उत्तर बंद. मला वाटलं, संपलं. आधीच विमान, त्यात बुधवार. मामंजींना तर हायसंच वाटलेलं दिसलं. ते लगेच म्हणाले की आगगाडीनं गुरुवारी निघता येईल, मी मारवाडच्या स्टेशनमास्तरांना चिठ्ठी देतो, आणि शिवाय कराची ही नेमकी उत्तर नव्हेच, वायव्य आहे.

"विमान आधी कुठं जातं म्हणालात? अहमदाबादेला ना? ती कुठं आली?"

"उत्तरेला," मामंजी म्हणाले. भूगोलाशी खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"मग प्रस्थान सोमवारीच ठेवायला हवं," असं म्हणून सासूबाईंनी सूप पाखडलं.

आपण जाणार आहोत हे त्यांनी घराला सांगितलं ते असं.

प्रस्थान ही आमच्या लोकांनी काढलेली मोठी गमतीची पळवाट आहे. चांगल्या वारी स्वतः निघता येत नसेल तर आपल्या वस्त्रात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ती पुरचुंडी त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही निघालात असं धरलं जातं. मग खरे तुम्ही तीन दिवसांत कधीही निघा, वाटेत ती पुरचुंडी उचला, देव काही म्हणत नाही. आमच्या उत्तरेला घर एकच होतं, तेलुगू विणकरांचं. तिथली बाई सासूबाईंच्या वयाची, आणि सोवळ्याच्या कुंपणावरून का होईना, दोघींची मैत्री होती. सोमवारी सकाळी सासूबाई पुरचुंडी घेऊन तिच्या दारात गेल्या. तिनं ती मागाच्या वरच्या खुंटीला टांगली आणि म्हणाली, "वहिनी, तुमी बिनघोर जावा. लेकरू बघून या. हितं मी हाय की."

मामंजींनी मग हरकत घेतली नाही असं नाही. रविवारी घेतली, सोमवारी घेतली. समुद्र नाही तरी कच्छचं रण आहे, वारा आहे, यंत्र आहे. शेवटी म्हणाले, तुमचं वय काय, तुम्ही मोटारीत बसला नाहीत कधी. सासूबाईंनी एवढंच उत्तर दिलं, "तिनं मला बोलावलंय."

सामानाचं जावयांनी आधीच कळवलं होतं. विमानात वजनाला फार महत्त्व, सामान अगदी थोडं आणावं. सासूबाईंच्या मते थोडं म्हणजे डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतकाढ्याच्या पुड्या, दुपटी, कुंच्या, शेंगांची चटणी आणि कडक भाकरीची चवड, कारण कराचीला बाजरीची कडक भाकरी कोण करून घालणार. ह्यांनी अर्धं काढून ठेवलं. सासूबाईंनी ते पुन्हा भरलं. ह्यांनी पुन्हा काढलं. मग काहीच म्हणेनाशा झाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. वाटेत विणकरणीच्या घरून पुरचुंडी उचलली. सोबत मी आणि हे. माझी मावशी पार्ल्याला राहायची आणि विमानाचा तळ तिथून जवळ, जुहूच्या किनाऱ्यालगत, म्हणून मला नेलं. नाहीतर सुनेला कोण मुंबई दाखवतंय! मामंजी स्टेशनवर आले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी सासूबाईंना सांगितलं की खिडकीपाशी बसायला मिळालं तर नर्मदा बघा. त्या म्हणाल्या बघते.

पार्ल्याला रात्री जेवून झोपलो. पहाटे मला जाग आली तर सासूबाई जागेवर नव्हत्या. मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, अंगाभोवती पदर घट्ट घेऊन, भिंतीपासून, तुळशीपासून, सगळ्यापासून लांब. ते बसणं मला ओळखीचं होतं.

"मी बाहेरची झाले," त्या म्हणाल्या.

त्यांना तीन महिने पाळी आलेली नव्हती. ते दिवस सरले असं त्या धरून चालल्या होत्या. मी पायरीवर त्यांच्यापासून हातभर लांब बसले. माझ्या मनात म्हणाल तर उत्तर तयार होतं: कुणाला कळतंय, चला. पडवीत बसून मी हजार वेळा मनात घोकलेलं उत्तर. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते ओठांवर आलं नाही. त्यांना लोकांची भीती नव्हती. त्यांचा खरोखर विश्वास होता. आपल्या हातानं लेकीच्या पोराचं वाईट होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं, जसं विस्तवात हात घातला तर भाजेल असं मला वाटतं. पुढचं विमान काही दिवसांनी, त्यात जागा मिळेलच असं नाही. आणि आगगाडीचे चार दिवस.

मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मागल्या खेपेला मी सगळं पाळलं होतं, नाही का गं?"

"हो," मी म्हटलं.

"शिवले नाही. उंबरा ओलांडला नाही. सावली पडू दिली नाही."

"नाही."

"आणि तो गेलाच."

त्यानंतर त्या रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या पाचव्या दिवशीसुद्धा नाही. मी हात पुढे केला. शिवायचं की नाही हे ठरवायच्या आत माझा हात त्यांच्या पाठीवर गेला होता आणि त्यांनी तो झटकला नाही. मला त्या क्षणी त्या इतक्या जवळच्या वाटल्या, की अडीच वर्षांचा माझा सगळा राग कुठं ठेवू असं झालं.

मग त्या उठल्या. तोंड धुतलं. ट्रंकेतून पुरचुंडी काढायला मला सांगितली, कारण ती सोवळ्यातली, त्यांना आता हात लावता येईना. मी ती मावशीच्या तुळशीपाशी ठेवली. म्हणजे वार वाईट, दिशा वाईट, आणि त्यावरचा उतारा तुळशीपाशी ठेवून ही बाई निघाली होती. जाताना मला म्हणाल्या, "ह्याला बोलू नकोस. आणि ह्यांनाही." पहिलं 'ह्याला' म्हणजे त्यांच्या मुलाला आणि दुसरं 'ह्यांना' म्हणजे मामंजींना. मी आजपर्यंत बोलले नाही.

जुहूचा तळ म्हणजे एक मोकळं माळरान, एक पत्र्याची शेड आणि वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास. मोठं इंजिनघर असेल, फलाट असेल, असं मला वाटलं होतं. आणि विमान तर एवढंसं! आमच्या सोलापूरचा टांगा त्याच्यापेक्षा भरभक्कम दिसायचा. शेडमध्ये टपालाच्या थैल्या तोलून ठेवत होते. मग तिथल्या कारकुनानं सासूबाईंना काट्यावर उभं राहायला सांगितलं.

आणि काटा जो खाली गेला तो थांबेचना. कारकून सासूबाईंकडे बघतोय, काट्याकडे बघतोय. बाई तर एवढीशी, पाच फुटांच्या आत. हे म्हणाले, "आई, काय आहे?" तेव्हा उलगडा झाला. ह्यांनी पेटीतून काढलेलं सगळं सामान सासूबाईंनी वळकटीत लपवून आणून निघताना अंगावर घातलं होतं. एकावर एक दोन लुगडी, मधल्या घोळात काढ्याच्या पुड्या, कमरेला आळीव, ओच्यात लाडू, आणि पाठीशी चांगली घट्ट बांधलेली कडक भाकरीची चवड. पेटीत सामान नसलं म्हणजे ते वजनात धरत नाहीत, असा त्यांचा समज. माणसालाही तोलतात हे त्यांना कोण सांगणार? धान्याच्या बाजारात पोतं तोलतात, हमालाला तोलत नाहीत.

विमान चालवणारा तरुण शेडमध्ये आला. कातड्याची टोपी, हसरा. त्याला कारकुनानं गुजराथीत काहीतरी सांगितलं. तो हसला, पण थट्टेनं नाही. मोडक्या मराठीत म्हणाला की आई, थोडं तुम्ही ठेवा, थोडी टपाल मी ठेवतो. सासूबाईंनी विचार करून भाकरी आणि चटणी सोडली, मग एक लुगडं सोडलं. काढा मात्र काही केल्या सोडेनात. शेवटी काटा जमला.

विमानाची पायरी उंच होती. त्या तरुणानं हात पुढे केला. सासूबाईंनी परपुरुषाचा हात जन्मात कधी धरला नव्हता, आणि त्या दिवशी तर त्यांनी कुणालाच शिवायचं नव्हतं. त्या क्षणभर त्या हाताकडे बघत राहिल्या. मग धरला आणि चढल्या. आत थैल्यांच्या मध्ये त्यांना बसवलं. काचेतून त्यांचा चेहरा मला एवढासा दिसत होता. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता, कानात बोळे घातले होते आणि हात जोडले होते. मग तो आवाज, ती धूळ, आणि विमान पळत जाऊन सुटलं ते समुद्राच्या बाजूला वळलं आणि लहान लहान होत गेलं. हे रुमाल हलवत राहिले. मी मात्र हलवला नाही. मला एवढा अभिमान वाटत होता! माझ्या सासूबाई, सोलापूरच्या, ज्यांना स्टेशनवरच्या नळाचं पाणी चालत नसे!

आम्ही दोघांनी किनाऱ्यावर बसून त्या कडक भाकरी चटणीशी खाल्ल्या.

इकडे सोलापुरात मामंजींनी त्या दिवशी रजा घेतली नव्हती. त्यांच्या वर्गातल्या एका मुलानं पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलं, की त्या बुधवारी सकाळच्या शाळेत मास्तरांनी कुठल्याच वर्गाला पुस्तक उघडायला सांगितलं नाही. नकाशा घेऊन प्रत्येक वर्गावर गेले आणि फळ्याला टांगून छडी धरून उभे राहिले. पहिल्या तासाला म्हणाले, "आता दमण." पुढच्या तासाला म्हणाले, "आता नर्मदा ओलांडली असेल." अहमदाबादेला विमान उतरून पेट्रोल घेतं, तेवढा वेळ त्यांनी मुलांना गुजरातेतला कापूस सांगितला. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. रणाच्या वेळेला मात्र ते बोलायचे थांबले. छडी कच्छच्या रणावर टेकवून नुसते उभे राहिले. एवढी व्रात्य मुलं, पण चूं केलं नाही कुणी. शाळा सुटायच्या सुमाराला त्यांनी छडी कराचीवर नेली आणि ते खुर्चीवर बसले.

"पोचल्या" अशी तार संध्याकाळी आली. आम्ही मुंबईहून परत येईपर्यंत ती त्यांच्या कोटाच्या खिशात चुरगळून मऊ झाली होती.

दुसरी तार शनिवारी आली. गुरुवारी संध्याकाळी वन्संना कळा लागल्या होत्या, दिवस भरायच्या बरेच आधी, आणि शुक्रवारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. मामंजींनी ताबडतोब नकाशा गाठला. गुरुवारी आगगाडीनं निघाल्या असत्या तर आज कुठं असत्या? मारवाडच्या वाळूत. त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून म्हणाले, "बरं झालं माझं ऐकलं नाही." आयुष्यात त्यांनी हे वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलेलं मला माहीत नाही.

पुढे दोन महिने त्यांच्या बोलण्याला दुसरा विषय नव्हता. नव्या पेठेत कापड घ्यायला गेले तरी दुकानदाराला मुंबई ते कराचीचे मैल आणि वेळ सांगूनच यायचे. कुणी म्हटलं की मास्तर, तुम्ही कधी बसणार, तर म्हणत, "आमच्या घरात ते खातं त्यांच्याकडे."

सासूबाई चैत्रात परत आल्या, वन्संना आणि तान्ह्या मुलीला घेऊन, आगगाडीनं. वन्संनी मला एकांतात सांगितलं. कळा देताना नर्स आईला बाहेर जा म्हणाली, तर आई हलली नाही. रात्रभर उशाशी बसली, हात धरून. मूल आधी नर्सच्या हातात, आणि मग लगेच आईच्या हातात. "मला एकदासुद्धा सोडलं नाही तिनं," वन्सं म्हणाल्या. बाकीचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

मला वाटलं होतं, सासूबाई आता बदलल्या असतील. कसलं काय! येऊन हातपाय धुतले आणि पहिलं काम म्हणजे मी लावलेलं सगळं स्वयंपाकघर पुन्हा धुऊन काढलं. लोणच्याच्या बरणीला मी कुठल्या कपड्यानं हात लावला होता याची चौकशी झाली. लोक विमानाबद्दल विचारायला येत, त्यांना त्या सांगत की वरून नद्या म्हणजे वाळत घातलेल्या शेवया दिसतात, आणि पुन्हा कामाला लागत. पार्ल्याच्या पायरीचा उल्लेख त्यांनी माझ्याजवळ कधीही केला नाही. मीही केला नाही. जित्याची खोड, असं म्हणून मी पुन्हा मनातल्या मनात बोलायला लागले.

मग माझे दिवस आले. मी मुकाट्यानं चटई उचलली आणि पडवीत जाऊन बसले. वन्संनी लांबून ताट सरकवलं. तान्ह्या मुलीचा मला इतक्या दिवसांत लळा लागला होता. आतून तिचा आवाज येई आणि मी तिथूनच तिला हाका मारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आतलं रडणं थांबलं आणि थोड्या वेळानं सासूबाई पडवीत आल्या. त्यांच्या खांद्यावर मुलगी झोपली होती. मला वाटलं, दाखवायला आणली. मी पदर सावरून मागे सरकले, भिंतीला टेकून.

त्या माझ्या समोर वाकल्या. "धर हिला. मला वाटण वाटायचंय."

मी म्हटलं, "सासूबाई, मी बाहेरची आहे."

"मला ठाऊक आहे. मांडी घाल नीट."

घरातल्या कुणाही तान्ह्याला बाहेरच्या बाईकडे द्यायचंच झालं तर अंगावरचे सगळे कपडे उतरवून देत, म्हणजे कपड्याला विटाळ लागत नाही. एवढी सवलत शास्त्रानंही दिली होती. मी म्हटलं, "निदान झबलं तरी काढा."

सासूबाईंनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, तिची मान माझ्या कोपरावर नीट बसवली आणि झबलं खाली ओढून तिचं पोट झाकलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं झोपलीय. उठेल ना."